थाळ्या वाजल्या, पुढे?
२०२० हे परिचारिकांचे जागतिक वर्ष म्हणून साजरे व्हायचे होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षे होत होती. नेमक्या त्याच वर्षी मुंबईच्या कोविड वॉर्डांत सिस्टर पीपीई किटमध्ये घामाने निथळत उभ्या होत्या. कितीतरी जणी केरळातून आलेल्या, घर शेकडो मैल दूर. किट एकदा चढवले की ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणे नाही. मासिक पाळीतही नाही. ऑक्सिजन उतरलेल्या रुग्णाला पालथे झोपवायचे, म्हणजे सलाइन, कॅथेटर, व्हेंटिलेटरची नळी सांभाळत चार-पाच जणांनी त्याला एकदम वळवायचे, आणि काही तासांनी पुन्हा उताणे करायचे. नातेवाइकांना आत मज्जाव. त्यामुळे शेवटचा व्हिडिओ कॉलही सिस्टरच लावून द्यायच्या. बाहेर त्यांच्या कौतुकासाठी थाळ्या वाजल्या, आणि काही सोसायट्यांनी याच सिस्टरना जिना चढू दिला नाही. त्याची चीड मला आजही येते. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखायला एप्रिलमध्ये केंद्राला वटहुकूम काढावा लागला! सिस्टरच्या चिवटपणाचे कौतुक जरूर करावे, पण रुग्णालयांतील रिकाम्या पदांची भरपाई त्या चिवटपणातून करून घेऊ नये. कित्येक जणी कंत्राटी होत्या. लाट ओसरली आणि त्यांची नोकरीही गेली.