पेजेच्या पुढील पायऱ्या

एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या सासूबाईंच्या आंतड्यांत अडथळा उत्पन्न होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. बिघडलेला भाग काढून आंतडें पुनः जोडण्यांत आलें. घरीं पाठवितांना डॉक्टरांनीं दहीं, मऊ भात व मुगाचें वरण चालेल असें लिहून दिलें. घरांतील वडीलधाऱ्यांचें मत निराळें पडलें : पोटावर शस्त्र चाललें आहे, एकवीस दिवस पेजेवांचून कांहीं देऊं नये. ते दिवस आतां भरत आले. जखम अजून ओलसर आहे, सासूबाई उठून बसतांना थरथरतात, आणि सूनबाई दोन आज्ञांच्या मध्यें सांपडल्या आहेत. शास्त्र कोणाच्या बाजूचें, असा त्यांचा प्रश्न आहे.

इतक्या दिवसांनीं जखम ओलसर असेल तर ती आजच डॉक्टरांस दाखवावी; हा लेख मागाहून वाचावा.

वडीलधाऱ्यांच्या मताचें मूळ आम्हांस परिचित आहे, व तें टाकाऊ मुळींच नाहीं. चरकसंहितेंत व अष्टांगहृदयांत वमन-विरेचनानंतर मंद झालेल्या जठराग्नीस सावरण्याचा क्रम दिला आहे. त्यास संसर्जनक्रम म्हणतात. तो शस्त्रक्रियेसाठीं सांगितलेला नाहीं, तरी घरोघरचें पथ्य त्याच्याच छायेंत वाढलें असावें असें आम्हांस वाटतें. ठिणगीवर एकदम ओंडका टाकला तर ती विझते. तिला आधीं गवताची काडी, मग गोवरी द्यावी, असा त्यांतील आशय. परंतु क्रम म्हटला कीं पायऱ्या आल्या. पहिली पेया, म्हणजे पातळ पेज. दुसरी विलेपी, म्हणजे दाट, गुरगुट्या भातासारखी. तिसरी यूष, म्हणजे मुगादिकांचें कढण, प्रथम साधें व मग तूप-मसाल्याचें. आणि शेवटची मांसरस. शोधन उत्तम झालें असतां प्रत्येक पायरीस तीन अन्नकाळ, एकूण बारा. म्हणजे आठवड्याभरांत माणूस नेहमींच्या जेवणावर यावयाचा. एकवीस दिवस पेज या क्रमांत कोठेंच बसत नाहीं. आमच्या शाकाहारी घरांतून शेवटची पायरी साहजिकच गळाली, तिच्या जागीं दुसरें कांहीं बसविण्याचें राहून गेलें, आणि हळूहळू पहिलीच पायरी मुक्कामाची जागा झाली.

आतां थोडा हिशेब. जन्म शाळेंत गेल्यामुळें तो मोह आवरत नाहीं. जखम भरण्यास शरीराला नवें मांस घडवावें लागतें, व त्याचा कच्चा माल म्हणजे प्रथिनें. शस्त्रक्रियेनंतर वजनाच्या दर किलोस रोज सुमारें १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें लागतात. ५० किलोच्या बाईस ६० ते ७५ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आंकडा डॉक्टरांनींच ठरवावा.) मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम तांदळाच्या पेजेंत दोन ग्रॅमही प्रथिनें नसतात. अशी पेज दिवसांतून सहा वेळां दिली तरी बेरीज बारापर्यंत पोंचत नाहीं. उरलेलें शरीर स्वतःच्याच दंडांतून व मांड्यांतून काढून घेतें. उलट ५० ग्रॅम मूगडाळींत बारा, वाटीभर दाट दह्यांत पांच-सहा, आणि १०० ग्रॅम पनीरांत अठराच्या आसपास प्रथिनें मिळतात. गळालेल्या पायरीच्या जागीं बसावयाचे ते हेच पदार्थ.

डॉक्टरांचा सल्लाही उतावीळपणाचा नव्हे. डेन्मार्कचे शस्त्रवैद्य हेन्रिक केलेट यांनीं १९९७ मध्यें निबंध लिहून वेदनाशमन, लवकर चालविणें व लवकर अन्न देणें हीं अंगें एकत्र गुंफण्याचा आग्रह धरला. आतां अनेक रुग्णालयांत आंतड्यांच्या नियोजित शस्त्रक्रियेनंतर चोवीस तासांच्या आंत तोंडानें अन्न सुरू करितात. अडथळ्याच्या रुग्णास कांहीं अधिक वेळ लागतो, इतकेंच.

मात्र सूनबाईंनीं उद्यांच ताट भरूं नये. १९४५ मध्यें युद्धाच्या छावण्यांतून सुटलेले कित्येक उपाशी कैदी एकदम मिळालेल्या भरपूर अन्नानेंच दगावले; दीर्घ उपासमारीनंतर अशा वेळीं रक्तांतील फॉस्फरस व पोटॅशियम झपाट्यानें उतरतात. म्हणून डॉक्टरांस विचारून पायरी-पायरीनें चढावें. दिवसांतून सहा वेळां थोडें थोडें द्यावें. वरण घोटून गाळावें. दूध सोसत नसेल तर दहीं द्यावें. विरजणांत दुधांतील साखर कांहीं अंशीं मोडलेली असते. दुधी व लाल भोपळा सोलून, बिया काढून शिजवावा. पेरू, मक्याचे दाणे, शेवग्याच्या शेंगा, कच्ची कोशिंबीर हीं कांहीं आठवडे दूर ठेवावीं. पोट फुगलें, वांती झाली, वारा सरेनासा झाला किंवा ताप आला, तर अन्न थांबवून ताबडतोब डॉक्टरांस कळवावें.

पान कोणीं वाढावयाचें हें एकदां ठरवून टाकावें, व काय दिलें तें वहींत लिहावें. समाचारास येणारा प्रत्येक जण एक पथ्य आणि एक डबा घेऊन येतो. पथ्य ऐकून घ्यावें, डबा मुलांना द्यावा. एकादशीचा प्रश्न तर निघूंच नये. रोग्यास उपवासाची सूट धर्मशास्त्रानेंच दिली आहे.

सासूबाईंना पुरणपोळी खावीशी वाटते, असें पत्राच्या शेवटीं लिहिलें आहे. इच्छा झाली हें चिन्ह उत्तम. हरभऱ्याच्या डाळीनें पोटांत वायु धरतो, तेव्हां आज नको. जखम भरून डॉक्टरांनीं परवानगी दिली कीं एक चतकोर, दुधांत कुसकरून, दुपारच्या वेळीं द्यावी, रात्रीं नको.