मुखपृष्ठावरील रिकामे हात

दिवाळी तोंडावर आली म्हणजे गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत नव्या अंकांची चळत मेजावर येऊन पडते, वर्गणी भरलेले सभासद आपापल्या पाळीची वाट पाहत उभे राहतात, आणि त्या चळतीकडे दुरून पाहणाऱ्याच्या दृष्टीस लेखकांची नावे पडण्यापूर्वी एका स्त्रीचा चेहरा पडतो. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी, ग्रंथपालांच्या परवानगीने, मी माळ्यावरचे जुने सुटे अंक खाली काढवून घेतले, आतील मजकुराला हात न लावता केवळ मुखपृष्ठे क्रमाने मांडली, आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो. नऊवारी गेली आणि पाचवारी आली; खोप्यातील फूल गेले आणि केस मोकळे झाले; पुढे पंजाबी पोशाख आला, जीन्सही आली. परंतु हातांकडे पाहू लागलो तेव्हा मन खिन्न झाले. एका हातात पणती किंवा निरांजन, दुसरा पदराशी चाळा करणारा, केसांत गुंतलेला किंवा नुसताच सोडलेला. इतक्या वर्षांत त्या स्त्रीने वेष किती वेळा पालटला याची गणती करता येईल, पण तिच्या हातांना काम असे जवळजवळ कधी मिळालेच नाही.

ही प्रतिमा एकाएकी निर्माण झालेली नव्हे. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांपासून चाळींतील खोल्यांपर्यंत पोहोचल्या, तेव्हा देवतेचे उभे राहणे आणि घरातील सुवासिनीचे उभे राहणे यांमधील सीमारेषा पुसट झाली. देवतेचे दर्शन घ्यावयाचे असते. ती स्थिर, प्रसन्न आणि आपल्याकडे पाहणारी असावी लागते. तीच चौकट पुढे मासिकांच्या मुखपृष्ठाने वारशाने घेतली, आणि त्या वारशात स्त्रीला आदर मिळाला असे मानले तरी तिच्या दैनंदिन उद्योगाला त्या चौकटीतून बेदखल व्हावे लागले. त्याच काळात दुसरी एक वाट मोकळी होती, हे विसरून चालणार नाही. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या 1920 सालच्या ग्रंथासाठी नाना जातींच्या व प्रांतांच्या स्त्रिया रंगविल्या. सरकारी दफ्तरात जिनसांची नोंद करावी तशी स्त्रियांची जातवार नोंद करण्याची राज्यकर्त्यांची दृष्टी त्या ग्रंथात आहेच, आणि ती मला रुचत नाही. तथापि धुरंधरांची लेखणी आणि कुंचला यांना बाजारातील, घाटावरील आणि समुद्रकाठची कष्टकरी स्त्री ठाऊक होती. ती वाट मुखपृष्ठांनी धरली नाही.

इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांच्या धर्तीवर काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाला एक नवा सण लाभला. रंगीत ठसे महाग, आतील पाने काळ्या शाईची. तेव्हा रंगाचा सारा खर्च एका मुखपृष्ठावर होई, आणि जे एकच पान रंगीत त्यावर काय असावे याचा फैसला संपादकाच्या विचारापेक्षा विक्रीच्या हिशेबाने होऊ लागला. गोमंतकातून आलेले दोन चित्रकार, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, यांनी पुढे या पानावर अक्षरशः राज्य केले. दलालांनी 1945 साली स्वतःचे ‘दीपावली’ सुरू केले, आणि त्यांच्या रेषेतील ठाम वळण पाहून आजही नजर थबकते. मुळगावकरांच्या स्त्रियांची कांती तर रंग लावलेला नसून दवासारखा पडलेला असावा इतकी तलम. या दोघांची मोहिनी मी नाकारीत नाही, नाकारू इच्छीत नाही. माझी तक्रार त्यांच्या कुंचल्याविरुद्ध नसून त्यांच्या मागून आलेल्या त्या असंख्य अनुकरणांविरुद्ध आहे, ज्यांनी सौंदर्य उचलले आणि माणूस मागे ठेवला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे जलरंगातील निरांजनधारिणीचे चित्र. ते आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि चित्रासाठी उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची कन्या. त्या चित्राचा सारा प्राण हातांत आहे. एका हाताने दिवा धरलेला, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीपुढे आडोसा करून उभा, आणि बोटांच्या फटींतून तांबूस उजेड झिरपतो आहे. त्या मुलीचे लक्ष पाहणाऱ्याकडे नाही. ज्योत वाऱ्याने विझू नये या एका कामात ती गढलेली आहे. दिवाळी अंकांवर पुढे ज्या शेकडो दीपधारिणी आल्या त्यांच्यात दिवा राहिला, पण ती राखण गेली. ज्योतीवरची नजर उचलली जाऊन ग्राहकाकडे वळली.

मुखपृष्ठ हे एक मत असू शकते, हे मराठीत कोणी दाखविलेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि 1953 साली आपला अंत होईपर्यंत ते एकट्याच्या बळावर चालविले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांविषयी बोलणाऱ्या त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, आणि त्यावरून त्यांना शिव्याशाप सोसावे लागले. त्यांच्यावर खटले झाले ते मजकुराबद्दल, आणि 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांची ती चित्रे मला सर्वस्वी पटतात असे नाही. देहाची लाज काढून टाकण्यासाठी दर वेळी स्त्रीचाच देह का लागावा हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. परंतु आपण काय छापतो आणि का छापतो याची जबाबदारी त्या मनुष्याने पदरी घेतली होती.

किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 1930 साली ‘स्त्री’ मासिक सुरू केले, ते वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचे. ज्या स्त्रिया तोपर्यंत उंबरठ्याच्या आत होत्या त्या मिठाच्या पुड्या घेऊन रस्त्यावर आणि तेथून तुरुंगात जात होत्या. शिक्षण, विवाह, पोशाख, अर्थार्जन यांवर त्या मासिकाच्या आतील पानांत स्त्रियाच लिहू लागल्या, भांडू लागल्या. आणि त्याच मासिकाचे संपादन केलेल्या विद्या बाळ यांनी 1989 साली ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. या नावापाशी मी नेहमी थांबतो, कारण एकट्या देखण्या स्त्रीच्या जागी ‘साऱ्याजणी’ आल्या. मराठी नियतकालिकांत स्त्रीचे आयुष्य आतील पानांत पुढे सरकत गेले आणि मुखपृष्ठ मात्र तितके पुढे आले नाही, या विसंगतीचे दुःख मला सर्वांत अधिक आहे.

ती विसंगती आज तर अधिकच रुंदावली आहे. 1992 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि महाराष्ट्राने 2011 साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. ग्रामसभेत सरपंच म्हणून बसणारी, एस.टी.त तिकिटे फाडणारी, वाड्यावस्त्यांवर रक्तदाबाची नोंद घेत फिरणारी आशाताई, भाताच्या खाचरात वाकलेली शेतकरीण, या सर्वजणी आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. मुखपृष्ठावर मात्र चित्रकाराची जागा छायाचित्राने घेतली आणि अनामिक सुंदरीची जागा मालिकेतील किंवा चित्रपटातील अभिनेत्रीने. अभिनय हे कष्टाचे काम आहे. पण तेथे ती अभिनय करताना दिसत नाही, दागिने घालून उभी दिसते. स्त्रियांच्या असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा कायदा 1986 साली झाला, आणि तो आवश्यकच होता. परंतु अश्लीलतेला दंड करता येतो, रिक्तपणाला करता येत नाही. ते काम संपादकाच्या विवेकाचे.

यावर उत्तर मिळते की अंक विकला गेला पाहिजे, आणि सणासुदीला लोकांना काही सुंदर हवे असते. सुंदर हवेच. मला विचाराल तर करंजीच्या कडेवरून कातण फिरविणारी सुरकुतलेली बोटे ही अतिशय सुंदर वस्तू आहे, आणि दलालांसारख्या हाताने ती रंगविली असती तर विक्रेत्याच्या दोरीवर टांगलेल्या अंकांत ती सर्वांत आधी उचलली गेली असती. शिवाय या साऱ्या विचारात पुरुष कोठे आहे? स्त्री घराबाहेर पडली याची वार्ता आपण मोठ्या अभिमानाने देतो, पण तेवढ्याने भूमिका बदलत नाहीत. घरात जे काम तिने मागे ठेवले ते कोणी हाती घेतले, यावर तो बदल खरा की खोटा हे ठरते. पुरुषांनी पुरुषपणाचा विचार करावा म्हणून ‘पुरुष उवाच’ आणि ‘पुरुष स्पंदनं’ यांसारखे अंक मराठीत निघाले, ही समाधानाची गोष्ट. पण त्या दुपारी मांडलेल्या चळतीत सोऱ्या हाती धरलेला किंवा मूल खांद्यावर निजविणारा पुरुष एकाही मुखपृष्ठावर मला आढळला नाही.

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दिवाळीच्या सुटीत पहाटे उठून ती फराळाला लागे. अंक प्रथम वडिलांच्या आरामखुर्चीकडे जाई आणि तिच्या वाट्याला भाऊबीज उलटल्यावर, तोही कढईपाशी उभ्याउभ्या, एका हातात झारा असताना. त्यांतील एक अंक मी अजून जपून ठेवला आहे. मुखपृष्ठावरील स्त्रीच्या गोऱ्या, निर्मळ बोटांशेजारी आईच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटलेला आहे, आणि इतक्या वर्षांनी कागद पिवळा पडला तरी तो ठसा पुसलेला नाही.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, आणि चित्रकाराला वा छायाचित्रकाराला निरोप जातो तोही त्याच सुमारास. संपादकांपाशी माझे एवढेच मागणे आहे की, साडीचा रंग कोणता आणि पार्श्वभूमी कशी हे सांगण्याआधी त्यांनी एक गोष्ट विचारून घ्यावी: या चित्रातील माणूस, बाई असो की पुरुष, या क्षणी करतो आहे काय?