शुश्रूषेलाही शास्त्र असते

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या सोलापुरातली डॉक्टरमंडळी धन्वंतरीची पूजा करतात. तसबिरीतल्या धन्वंतरीच्या चार हातांत शंख, चक्र, जळू आणि अमृताचा कलश असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला त्यांतला एकही हात मोकळा नाही. ही तक्रार देवाविषयी नव्हे, चित्र काढणाऱ्यांविषयी आहे. ज्यांनी आपल्या मनात रुग्णालयाचे चित्र काढले, त्यांनीही अमृताची सोय केली आणि कूस बदलणारा हात चौकटीबाहेर ठेवला.

आपले जुने शास्त्र इतके विसरभोळे नव्हते. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाय सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार सांगितले : उपचाराचे ज्ञान, कामातले कौशल्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. या चारांतला एकटा अनुराग आपण उचलला, त्याला 'सेवाभाव' असे गोंडस नाव दिले आणि उरलेले तीन गुण माळ्यावर टाकले. सेवाभाव म्हटले की पगाराचे बोलायला नको, कामाच्या तासांचे बोलायला नको आणि बुद्धीचे तर मुळीच नको.

मी तीस वर्षे नर्सिंगच्या मुलींना शिकवले. आता शुक्रवार पेठेतल्या घरी असते. दिवाळीत जुन्या विद्यार्थिनी फराळाला येतात आणि चकलीबरोबर एक वाक्य हमखास तोंडी लावतात : "बाई, थिअरी परीक्षेपुरती. वॉर्डात ती कोण विचारतो?" मुलींचे हे म्हणणे मी समजू शकते. पण हेच वाक्य रुग्णालयांचे कारभारी, मोठमोठे डॉक्टर आणि कित्येकदा मेट्रनबाईसुद्धा शहाणपणाच्या सुरात उच्चारतात, तेव्हा मला गप्प बसवत नाही. हा लेख त्या शहाणपणाविरुद्ध आहे.

माझे पहिले म्हणणे असे की थिअरी नसलेला वॉर्ड या जगात नाही. जिथे ती लिहिलेली नसते, तिथे न लिहिलेली असते. आपल्या बहुतेक वॉर्डांतली न लिहिलेली थिअरी अशी : नर्स म्हणजे डॉक्टरांचा लांब केलेला हात. एकीने सगळ्यांचा ताप पाहायचा, दुसरीने सगळ्यांना इंजेक्शने द्यायची, तिसरीने केसपेपर लिहायचे. कामे सगळी होतात, माणूस मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. तो 'बारा नंबर' होतो किंवा 'कोपऱ्यातले लिव्हर' होतो. हे आपल्याकडचेच वैगुण्य आहे असेही नाही. इझाबेल मेन्झीस या विदुषीने १९६० साली लंडनच्या एका रुग्णालयाविषयी हेच लिहिले. तिचा निष्कर्ष असा की कामाचे असे तुकडे पाडण्यामागे केवळ सोय नसते. दुःखाच्या फार जवळ जावे लागू नये म्हणून उभारलेली ती भिंत असते आणि तिच्या आड नर्सचेही समाधान गुदमरते.

आता लिहिलेल्या थिअऱ्या पाहू. परीक्षेत 'तुलना करा' म्हणून प्रश्न येतो, मुली दोन रकाने आखून डावीकडे एक नाव लिहितात, उजवीकडे दुसरे, आणि विसरून जातात. मला पुसाल तर तुलना कागदावर करायचीच नसते, खाटेपाशी करायची असते. तेव्हा वाचकहो, अशी कल्पना करा की आपल्यासमोर सत्तरीचा एक जुना गिरणीकामगार आहे. अर्धांगाने उजवे अंग गेले आहे, बोलणे अडखळते आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल प्रथम खिडकी पाहील. हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, वेळेवर आणि पोटात जाईल असे अन्न : एवढे नीट ठेवा, म्हणजे निसर्गाला आपले काम करता येईल, असे ती १८५९ च्या आपल्या छोट्या पुस्तकात सांगते. हातात दिवा घेतलेली दयाळू बाई म्हणून आपण तिला ओळखतो. पण ती पक्की हिशेबी होती. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक शिपाई मेले, हे तिने आकडे मांडून दाखवले आणि १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाची ती पहिली स्त्री-सभासद झाली. तिचा दिवा आपण घेतला, वही घेतली नाही.

व्हर्जिनिया हेंडरसन विचारील : या माणसात अंगी बळ, मनाची इच्छा आणि ज्ञान असते, तर त्याने स्वतःचे स्वतः काय काय केले असते? श्वास घेणे, खाणेपिणे, मलमूत्र, कूस बदलणे, झोप, कपडे, अंघोळ, बोलणे, देवपूजा, काम, करमणूक, अशा चौदा गोष्टी तिने मोजल्या. यांतले त्याला जे जमत नाही ते नर्सने करायचे, आणि लवकरात लवकर त्याचे त्याला करता यावे अशा रीतीने करायचे. बरे होण्याची आशा नसेल तर शांत मरणासाठीही हीच मदत. देवपूजा आणि करमणूक या यादीत आहेत, हे पाहून माझ्या विद्यार्थिनी हसत. गिरणीकामगार हसला नसता.

हिल्डेगार्ड पेप्लाऊने १९५२ साली निराळाच मुद्दा काढला. नर्स आणि रुग्ण प्रथम एकमेकांना परके असतात, ओळखीतून विश्वास आणि विश्वासातून उपचार घडतो, आणि शेवटी ती गाठ सोडवावीही लागते. म्हणजे म्हाताऱ्याचे अडखळते बोलणे ऐकत दोन मिनिटे थांबणे हा कामचुकारपणा नव्हे, तेच काम होय.

डोरोथिया ओरेमचे पुस्तक १९७१ साली आले. तिचा प्रश्न उलट्या टोकाने सुरू होतो : या माणसाला काय जमते? ज्याला काहीच जमत नाही त्याचे सगळे करा, ज्याला अर्धे जमते त्याच्याबरोबर अर्धे करा, ज्याला सगळे जमते पण माहीत नाही त्याला शिकवा.

"चौघी एकच तर सांगताहेत, रुग्णाकडे लक्ष द्या!" असे कोणी म्हणेल. पण तसे नाही. चौथ्या दिवशी हा म्हातारा डाव्या हाताने चमचा धरू लागतो. भात संपायला अर्धा तास लागतो, निम्मा सांडतो, निवतो. नाइटिंगेलच्या शिस्तीत अन्न वेळेवर पोटात जायला हवे. मायाळू सिस्टर चमचा हातात घेते आणि पाच मिनिटांत ताट रिकामे करते. सगळे तिला दुवा देतात. ओरेम मात्र तिचा हात धरील, कारण त्या पाच मिनिटांच्या दयेने म्हातारा परावलंबी होऊन घरी जायचा असतो. येथे निवड करावीच लागते. चार थिअऱ्यांची खिचडी शिजवून निवड टळत नाही.

न लिहिलेली थिअरी काय करते, हे मी घरातच पाहिले. माझ्या एका जाऊबाईंना झटका आला. ज्या रुग्णालयात त्यांना ठेवले होते, त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तशी पुष्कळ आहेत. केसपेपर पाहिला तर नमुना म्हणून वर्गात लावावा असा. ताप, नाडी, रक्तदाब, प्रत्येक गोळीपुढे सही. नवव्या दिवशी सुनेने लुगडे बदलताना पाहिले, तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम झालेली. मी पुन्हा तो कागद तपासला. त्यावर एकही जागा रिकामी नव्हती, कारण कूस बदलण्याचा रकानाच त्यात नव्हता. ज्याला रकाना नाही ते काम नव्हे आणि जे काम नव्हे ते चुकतही नाही! वाचकहो, रकाना हीच थिअरी. हेंडरसनबाईंना त्या कागदावर जागा असती, तर जाऊबाईंच्या पाठीवर जखमेला जागा मिळाली नसती.

याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात अमानुष हल्ला झाला. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी त्यांचा अंत होईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांनी त्यांना जपले. इतकी वर्षे अंथरुणावर असून त्यांच्या अंगावर शय्याव्रण नाही, ही गोष्ट २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि न्यायालयाने त्या परिचारिकांचा गौरव केला. "ती माया होती, थिअरी नव्हे," असे तुम्ही म्हणाल. माया होतीच. पण ज्यांनी अरुणाबाईंना चालताबोलताना कधी पाहिले नव्हते अशा मुलींच्या पिढ्या तिथे येऊन गेल्या. रात्री दोन वाजता कूस बदलते ती नुसत्या मायेने नव्हे. एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या हाती दिलेल्या, ठरलेल्या कामाने ती बदलते. चरकाचे चारही गुण तिथे एकत्र आले होते.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेते. "आधी नर्सेस द्या, मग थिअऱ्या सांगा. एकीवर चाळीस खाटा असताना कसली हेंडरसन?" हा संताप खरा आहे आणि मी त्यात सामील आहे. भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर ठिकाणी पाचांमागे एक नर्स असे प्रमाण घातले आहे. वॉर्डात जाऊन मोजा, म्हणजे कागद आणि खाट यांतले अंतर कळेल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांच्या पाहणीत, एका नर्सवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे २००२ साली दिसून आले.

पण या मुद्द्याचे टोक उलट दिशेला आहे. नर्सचे काम गोळ्या वाटणे आणि सुया टोचणे एवढेच असेल, तर चाळिसांना एक पुरते. कारभारी तसे म्हणतात आणि त्यांच्या थिअरीप्रमाणे ते बरोबरच म्हणतात! चौदा गोष्टी हे काम मानले, तरच एक अपुरी पडते. किती हात हवेत हे काम काय आहे यावर ठरते आणि काम काय आहे हे थिअरी सांगते. थिअरी टाकून माणसे मागायला जाणे म्हणजे मापे न घेता शिंप्याकडे कापड मागणे. तो देईल तेवढ्यात अंग झाकावे लागते.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा : ही परदेशी बायकांची मते आमच्या वॉर्डात काय करायची? आमच्याकडे खाटेखाली सोलापुरी चादर अंथरून झोपलेला नातेवाईक असतो, तो सगळे करतो. होय, करतो. पण अर्धांगाच्या माणसाला आडवे निजवूनच चहा पाजायचा नसतो, तो श्वासनलिकेत उतरतो, हे त्याला कोणी सांगितले? रुग्णाचे करणाऱ्या आप्ताचाही ओरेमने विचार केला आहे. त्यालाही शिकवावे लागते, असे तिचे म्हणणे. आपण न शिकवताच त्याला जुंपले आणि त्या बिनपगारी माणसाच्या जिवावर नर्सच्या जागा रिकाम्या ठेवल्या. याला कोणी भारतीय संस्कृती म्हणू नये.

आणि भाषेचे काय? मॅडलीन लायनिंजर या बाईने जन्मभर सांगितले की रुग्णाची संस्कृती जाणल्याशिवाय शुश्रूषा होत नाही. आमच्या गावात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांतून चालतात. विड्या वळणाऱ्या तेलुगू बाईला मधुमेहात पाय कसे जपायचे हे मराठीत भराभर सांगून 'समजावले' अशी सही करणे, याला शिकवणे म्हणत नाहीत. ही थिअरी परदेशी असेल, ती बाई तर आमचीच आहे ना?

मग माझा कौल कोणता? नाइटिंगेल ही जमीन. ती सगळीकडे हवी आणि तिच्याखाली कोणी जाऊ नये. वॉर्डाच्या कागदावर हेंडरसन, कारण असहाय माणसाचे काहीही सुटू नये यासाठी तिच्याइतकी पक्की यादी दुसरी नाही. जो उठून बसू लागला त्याच्यासाठी, घरी जाण्याच्या तयारीसाठी आणि मधुमेहासारख्या जन्माच्या सोबत्यांसाठी ओरेम. मनोरुग्णांपाशी, कर्करोग्यांपाशी आणि भेदरलेल्या प्रत्येकापाशी पेप्लाऊ. कोणाला हा क्रम चुकीचा वाटेल. त्यांनी खुशाल भांडावे. खाटेपाशी उभे राहून असे भांडण व्हावे, हीच तर माझी इच्छा आहे.

सोलापूरला डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण चीनमध्ये त्यांच्याबरोबर राबलेली त्यांची पत्नी गुओ छिंगलान ही परिचारिका होती, नर्सिंग शिकवणारी होती, हे या गावातल्या किती जणांना ठाऊक आहे? अभिमानाचाही एक रकाना आपण आखायचा विसरलो आहोत.

हा अंक घरातली सगळी माणसे वाचतील, म्हणून शेवटचे तुम्हालाच सांगते. आपले माणूस रुग्णालयात असेल, तेव्हा डॉक्टरांना औषध विचारा, पण नर्सबाईंना तीन गोष्टी विचारा. याची कूस दर किती वेळाने बदलायची आणि ते कुठे लिहिले जाते? याने स्वतः काय करायचे आणि आम्ही काय करायचे नाही? घरी नेल्यावर काय करायचे ते आम्हाला कोण, केव्हा शिकवणार? विचारताना आवाज चढवू नका. ती एकटी असेल आणि तिच्यावर चाळीस खाटा असतील. उत्तर मिळाले तर तिचे नाव विचारून घ्या. मिळाले नाही, तर तेच तीन प्रश्न कारभाऱ्यांच्या टेबलावर लेखी नेऊन द्या.