लेझीम शिकवणाऱ्या बाई



मागील अंकात आपण कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा विचार केला. या खेपेस पीक जरा बाजूला ठेवून एका बाईंची आठवण सांगतो. चौसाळ्याच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी मुलींना त्यांनी लेझीम, फुगडी आणि झिम्मा शिकवला. घरची माणसे आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. ज्यांनी त्यांच्यापुढे फेर धरला, त्या आज आज्या झाल्या असल्या तरी बरोबर ओळखतील.

माझी धाकटी बहीण त्यांच्याकडे शिकली. काळ 1980 नंतरचा. मुलीने चारचौघांत नाचणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे मानणारी घरे पुष्कळ होती. बाई दारोदार जात. "आबा, ही कवायत आहे, तब्येतीला चांगली," असे समजावून पोरीला मागून आणत. शाळेत लेझमा थोड्याच. उरलेल्या मुलींसाठी त्यांनी बाभळीच्या काठ्यांना तार बांधून सोड्याच्या बाटल्यांची झाकणे ओवली होती. हलगी मिळाली नाही तर तेलाचा रिकामा डबा वाजे. चार आवाज पक्के झाल्याशिवाय आठ आवाजांना हात लावायचा नाही, हा नियम. शेवटच्या रांगेतली पोर चुकली तर पहिल्या रांगेपासून पुन्हा सुरुवात. मात्र त्या पोरीला कधी टाकून बोलल्या नाहीत.

आपल्याकडे दसरा-दिवाळी उरकली की बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसे ऊसतोडीला जातात. बरोबर लेकरेही जातात. इतरत्र शाळांची संमेलने थंडीत होत. बाईंचा कार्यक्रम दसऱ्याच्या आत असे. "जानेवारीत माझ्या निम्म्या पोरी फडात असतात. त्यांनी नाचायचं केव्हा?" असे त्या विचारीत. याला उत्तर कोणाजवळ नव्हते.

मुलींना मान वर करून उभे राहायला शिकवणाऱ्या या बाईंनी स्वतःचे दुखणे मात्र पदराआड ठेवले. पाळी बंद होऊन वर्षे झाली असताना पुन्हा अंगावरून जाऊ लागले. कंबर धरे. लेकीजवळही त्या बोलल्या नाहीत. उभे राहवेना, तेव्हा घरच्यांनी बार्शीला नेले. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला, तोही फार पुढे गेलेला. पुढच्या पंचमीला फेर धरायला बाई नव्हत्या.

आता तुम्हीच विचार करा. आपण कपाशीत कामगंध सापळे कशासाठी लावतो? बोंड वरून हिरवेगार दिसते आणि अळी आत असते, म्हणून. सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग आले की आपण बोंड फुटण्याची वाट पाहत नाही. या कर्करोगाचेही तसेच आहे. बहुतेक वेळा तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि रोग पुरता होण्याआधी कित्येक वर्षे जातात. त्या काळात दुखत नाही, खुपत नाही. तपासले तरच कळते आणि तेव्हाच तो आवरतो.

याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांची मोठी पाहणी झाली. तिचा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला. ज्या गटासाठी या विषाणूची एकवेळ तपासणी ठेवली होती, त्यातल्या 34 जणी आठ वर्षांत या रोगाने दगावल्या. तपासणी नसलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. त्याच्याही आधी, 1987 पासून, बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांत कर्करोग नोंदणीचे साधे कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणे समजावून सांगत. त्यामुळे बायका लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्याने एवढे होते.

तेव्हा भगिनींनो, पाळी गेल्यावर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, वास येणारे पाणी जाणे, यांतले काहीही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. काही त्रास नसला तरी तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करावी. एका पद्धतीत गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पाहतात. काही मिनिटांचे काम आहे. 9 ते 14 वर्षांच्या मुलींसाठी लस आहे. आपल्या पुण्यात तयार झालेली लसही 2023 पासून मिळते.

कर्करोगाच्या धास्तीने पिशवीच काढून टाकणे, हा मात्र उपाय नव्हे. आपल्या जिल्ह्यात 2019 साली सुमारे 82 हजार ऊसतोड भगिनींची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कोणी तसा सल्ला दिला तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

पुरुषाने हा विषय कशाला काढावा, असे कोणी म्हणेल. बंधूंनो, दवाखान्याला जायचे तर भाड्याचे पैसे बहुतेक घरांत आपल्याच खिशात असतात, आणि मजुरीचा खाडा आपल्यालाच नको असतो. म्हणून आपणच घरात विचारायला हवे. बाई आपला कार्यक्रम दसऱ्याच्या आत उरकीत. तपासणीही तशीच, कोयता उचलण्यापूर्वी करून घ्या.