एका डोळ्याचा रक्षक

बर्फावरच्या हॉकीचा आपल्याकडे फारसा परिचय नाहीं. तरी त्या खेळांतील ब्रायन बेरार्ड या अमेरिकन रक्षकाची हकीकत वाचकांनीं घरांत सर्वांस वाचून दाखवावी, असें आम्हांस वाटतें.

१९९५ सालीं नव्या खेळाडूंच्या निवडींत त्याचें नांव सर्वांत पहिलें निघालें. ११ मार्च २००० रोजीं टोरांटोच्या संघाकडून ओटावा येथें खेळत असतां प्रतिपक्षाच्या खेळाडूची काठी चुकून त्याच्या उजव्या डोळ्यास लागली. वय अवघें २३. अनेक शस्त्रक्रिया होऊनही त्या डोळ्याची दृष्टि बहुतेक गेली. खेळ संपला असें समजून विम्याचे सुमारें ६५ लाख डॉलर त्यास मिळाले. पुन्हां खेळावयाचें तर ते परत करणें प्राप्त होतें. भिंगाच्या साह्यानें नियमापुरती दृष्टि साधतांच त्यानें ते परत केले आणि २००१ सालीं तो न्यूयॉर्कच्या संघांतून बर्फावर उतरला. २००४ सालीं चिकाटीबद्दलचें मास्टर्टन पारितोषिक त्यास मिळालें. आणि २००८ सालीं स्वदेश सोडून तो रशियांत, मॉस्कोजवळच्या चेखोव्ह गांवच्या संघांत, खेळावयास गेला.

आपल्या घरांत कोणास अपंगत्व आलें कीं आपण मायेनें त्याच्या हातचें काम काढून घेतों व त्यास आरामखुर्चींत बसवितों. विसावा देऊं करणें हें प्रेमच होय. परंतु ‘आतां पुरे’ हा शब्द आपण उच्चारूं नये. तो त्याचा त्यासच उच्चारूं द्यावा.