सहकार्याचा स्वभाव आणि आज्ञेचा हक्क

१९८१ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकारांसमोर आपल्या करकपातीच्या धोरणाचे समर्थन करताना चौदाव्या शतकातील अरब इतिहासकार इब्न खल्दून याचा हवाला दिला. राजवटीच्या प्रारंभी कराचे दर कमी असतात व वसूल मोठा होतो. राजवट उतरणीस लागली की दर चढतात आणि वसूल आटतो, हे त्याचे निरीक्षण. ते त्याच्या ‘मुकद्दमा’ ह्या ग्रंथात खरोखरच आहे. पण त्याच ग्रंथात, थोडे पुढे, असेही म्हटले आहे की, प्रजेला वेठीस धरून राबविणे हा समाजाचा विध्वंस करणाऱ्या मोठ्या अन्यायांपैकी एक होय. कारण श्रम हीच श्रमिकाची मिळकत, आणि ते फुकट घेणे म्हणजे त्याची मालमत्ता लुटणे. करकपातीच्या पुरस्कर्त्यांना तेवढी पाने उलटण्याची आवश्यकता भासली नाही.

त्यांना दोष देण्याआधी समाजवाद्यांनीही स्वतःकडे पाहावे. ‘मध्ययुगीन’ हा शब्द समाजवादी लिखाणात बहुधा शिवीसारखाच येतो. ‘माणूस स्वभावतः स्वार्थी आहे, म्हणून बाजारव्यवस्थाच नैसर्गिक होय’ असे कोणी म्हटले की अभ्यासवर्गात ‘माणूस स्वभावतः समाजशील आहे’ असे उत्तर ठरलेले असते, आणि चर्चा तेथेच थांबते. वस्तुतः खरा प्रश्न तेथून सुरू होतो, आणि तो मध्ययुगातील विचारवंतांनी पुष्कळ खोलात जाऊन हाताळला होता.

इब्न खल्दून याचा जन्म १३३२ मध्ये ट्युनिसला झाला. दरबारी कारस्थानांचा वीट येऊन आजच्या अल्जीरियातील एका गढीत त्याने आश्रय घेतला आणि १३७७ मध्ये तेथे हा ग्रंथ लिहिला. त्याचे विवेचन भाकरीपासून सुरू होते. एका माणसाला एका दिवसापुरते गव्हाचे अन्न हवे असेल, तर ते दळावे, मळावे, भाजावे लागते. ह्या प्रत्येक कामाला हत्यारे व भांडी लागतात. म्हणजे लोहार, सुतार, कुंभार आले. धान्य कच्चेच खायचे म्हटले तरी पेरणी, कापणी, मळणी चुकत नाही. एकट्याच्या हातून हे होणे नाही. परंतु अनेकांनी मिळून केले, तर जितके हात राबतात त्याच्या कितीतरी पट तोंडांना पुरेल इतके अन्न निघते. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचे हेच फळ दाखविले. पण स्मिथने तिचे मूळ देवघेवीच्या प्रवृत्तीत शोधले, तर खल्दूनने ते माणसाच्या दुबळेपणात पाहिले. एकाचा माणूस बाजारात उभा आहे, दुसऱ्याचा भुकेला आहे.

येथवर समाजवाद्याला आनंद वाटावा. परंतु खल्दूनचे पुढचे पाऊल अवघड आहे. माणसाच्या ठायी आक्रमणाची वृत्तीही आहे. शस्त्रे सर्वांपाशीच असल्याने ती एकमेकांना आवरू शकत नाहीत. म्हणून माणसांपैकीच कोणीतरी निवारक लागतो, आणि तोच राजा. म्हणजे सहकार्याच्या गरजेतूनच आज्ञेची गरज निघाली! तरीही खल्दून ह्या आज्ञेला देव्हाऱ्यात बसवीत नाही. ईश्वरी कायद्यावाचून राज्य संभवतच नाही, हे काही तत्त्वज्ञांचे मत त्याने स्पष्टपणे खोडून काढले आहे. ज्यांच्यापाशी धर्मग्रंथ नाही अशांचीही राज्ये झाली, इमारती उभ्या राहिल्या, हा त्याचा रोकडा पुरावा. सत्ता गटाच्या एकजुटीवर, ज्याला तो ‘असबिय्या’ म्हणतो तिच्यावर, उभी राहते आणि ऐषारामाने ती एकजूट विरघळली की कोसळते. सत्तेचे कारण सांगणे वेगळे आणि तिला पावित्र्य देणे वेगळे, हा विवेक त्याच्यापाशी होता.

ख्रिस्ती युरोपात हाच प्रश्न पापाच्या भाषेत विचारला गेला. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने म्हटले होते की, मनुष्यजात स्वभावाने अत्यंत समाजशील आणि भ्रष्टतेने अत्यंत कलहप्रिय आहे. ईश्वराने विवेकी माणसाला पशूंवर सत्ता दिली, माणसावर नव्हे. म्हणूनच पहिले सत्पुरुष मेंढपाळ होते, राजे नव्हते. दास्य हे पापाचे फळ. विचार क्रांतिकारक वाटतो खरा. पण शिक्षा म्हणून आलेले दास्य निमूटपणे सोसावे, असाच ऑगस्टीनचा उपदेश होता. जे निसर्गात नाही, तेही दैवाच्या नावाने टिकविता येते.

१२६० च्या सुमारास मोरबेकच्या विल्यमने अॅरिस्टॉटलचे ‘राज्यशास्त्र’ ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणले आणि वादाचा रंग पालटला. अॅरिस्टॉटलचा ‘राजकीय प्राणी’ टॉमस अॅक्वायनसच्या हाती ‘सामाजिक व राजकीय प्राणी’ झाला. इतर प्राण्यांना निसर्गाने कातडे, नखे, शिंगे दिली. माणसाला बुद्धी, हात व वाणी दिली, आणि एकट्याने जगण्याची सोय ठेवली नाही. म्हणून पाप घडले नसते तरी माणसे एकत्र राहिली असती, आणि समान हिताकडे नेणारा कोणी मार्गदर्शकही असता. दुसऱ्याला आपल्या लाभासाठी राबविणारा धनी मात्र नसता. हा भेद मोलाचा आहे. त्याहून मोलाचे आहे त्याचे मालमत्तेविषयीचे मत. ज्याच्यापाशी गरजेहून अधिक आहे, त्याचे ते अधिक नैसर्गिक न्यायाने गरिबाचे देणे लागते. आणि प्राणांतिक गरजेत सापडलेल्याने दुसऱ्याचे घेतले तर ती चोरी नव्हे, असे तेराव्या शतकातील हा संन्यासी शांतपणे लिहून जातो. खासगी मालमत्तेला त्याने मान्यता दिली, पण ती माणसांनी केलेली व्यवस्था म्हणून.

तथापि ‘राजत्वाविषयी’ ह्या ग्रंथात एकाच्याच राज्याचे समर्थन करताना त्याने पुरावा कोणता द्यावा? मधमाश्यांचा एकच राजा असतो, हा! तो राजा मादी असतो, आणि पोळ्यात हुकूम न सोडता अंडी घालीत असतो, हे कळायला युरोपला आणखी काही शतके लागली. अॅक्वायनसने अन्यत्र राज्यकारभारात सर्वांचा काही वाटा असावा असेही म्हटले आहे, हे न्यायाने नोंदविले पाहिजे. पण ‘निसर्गातच असे आहे’ ह्या युक्तिवादाची जात ह्या माशीवरून ओळखावी.

त्याच्या आधी कॉर्डोव्याच्या इब्न रुश्दने ह्या युक्तिवादाचे एक अंग उघडे पाडले होते. अॅरिस्टॉटलचे ‘राज्यशास्त्र’ हाती न आल्यामुळे त्याने प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वर भाष्य केले. आपल्या नगरांतील स्त्रियांना केवळ प्रजोत्पादनापुरते ठेवल्याने त्यांच्या शक्ती कळत नाहीत, त्या वनस्पतींसारख्या होऊन बसतात, आणि हे नगरांच्या दारिद्र्याचे एक कारण आहे, असे त्याने तेथे लिहिले. ज्याला स्वभाव म्हणतात ती पुष्कळदा कोंडून ठेवण्याची फलश्रुती असते, हे बाराव्या शतकात ह्या काजीने पाहिले होते.

आज्ञेचा हक्क कोणाचा, ह्या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर मात्र पादुआच्या मार्सिलियसने दिले. १३२४ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शांतीचा रक्षक’ ह्या ग्रंथात कायदा करण्याचा अधिकार त्याने समस्त नागरिकांकडे, वा त्यांच्यातील ‘भारदस्त भागा’कडे दिला. सामान्य माणूस कायदा रचू शकणार नाही, हा आक्षेप त्याला ठाऊक होता. त्याचे उत्तर असे की, ज्याला घर बांधता येत नाही त्यालाही घर चांगले की वाईट हे कळते. आणि जो कायदा माणसाने स्वतःवर लादून घेतला तो तो अधिक राजीखुषीने पाळतो. तीन वर्षांनी पोपने त्याचे सिद्धान्त पाखंड ठरविले.

परंतु ‘भारदस्त भाग’ म्हणजे कोण? मार्सिलियस सांगतो, संख्येने आणि गुणाने. स्त्रिया, दास, परके त्याने आधीच नागरिकांतून वगळले होते. उरलेल्यांतही गुणाचे माप कोणाच्या हाती, हे त्याने मोघम ठेवले. त्या मोघमपणातून त्यानंतर अनेकांनी प्रवेश केला आहे. जनतेच्या नावाने बोलणाऱ्या पक्षांत कार्यकारिणी स्वतःला भारदस्त भाग समजू लागते, कार्यकारिणीत दोन-चार जण, आणि अखेर एकजण. आणि सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला घर बांधता येत नाही, म्हणून ते गळते आहे हे सांगण्याचाही हक्क उरत नाही. समाजवादी पक्षांच्या फाटाफुटींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना उदाहरणे पुरविण्याचे कारण नाही. माणूस समाजशील आहे एवढ्याने त्याने कोणाचे ऐकावे हे ठरत नाही. ते ठरविण्याच्या सभेत त्याला बसायला जागा आहे की नाही, हेच पाहावे लागते.

खुद्द मार्सिलियसचे पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. ग्रंथाचा कर्ता कोण हे उघड होताच १३२६ मध्ये तो पॅरिसहून पळाला आणि बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयास गेला. जानेवारी १३२८ मध्ये रोममध्ये लुडविगने रोमी जनतेच्या नावाने सम्राटपदाचा मुकुट धारण केला; मार्सिलियस त्याच्याबरोबर होता. तेथे अधिकारपद हाती येताच पोपशी निष्ठ राहिलेल्या धर्मगुरूंचा त्याने छळ केला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, ज्या जनतेच्या नावाने मुकुट घातला गेला होता तिचाच रोष ओढवून, सम्राटाला आपल्या परिवारासह शहर सोडावे लागले.