नुकसान मोजणाऱ्याच्या काट्यावर शिक्का कोणाचा?



कापसाची गाडी घेऊन बाजारात गेलो की आपण आधी काटा पाहतो. त्यावर वजनमापे खात्याचा शिक्का आहे का, हे विचारायला आपण आता शिकलो आहोत. पण विम्याचे नुकसान मोजायला बांधावर माणूस येतो, तेव्हा त्याच्यावर कोणाचा शिक्का आहे, हे कितीजणांनी विचारले?

एकाच कापसाचे दोन न्याय बघा. कापूस जिनिंगमध्ये गेला, गाठी झाल्या आणि गोदामाला आग लागली, तर १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ६४ यूएम उभे राहते. २०१५ च्या नियमांनी मर्यादा घातली ती वाहनासाठी ५० हजार आणि इतर मालासाठी १ लाख रुपये. त्यावरच्या दाव्याला परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअरच लागतो.

हा परवाना विमा नियामक प्राधिकरण देते, आणि तो वाटेवर पडलेला नाही. ज्या विभागाचे काम करायचे त्याप्रमाणे शिक्षण लागते. इंजिनाचे नुकसान मोजायला इंजिनिअर, नफ्याचे मोजायला हिशेबनीस. सर्व्हेअरांची संस्था हैदराबादला आहे, तिथे नाव नोंदवायचे. जुन्या सर्व्हेअरच्या हाताखाली उमेदवारी करायची. मुंबईच्या विमा संस्थेची परीक्षा द्यायची. परवाना मिळाला तरी तो ठराविक मुदतीचा. माल नातेवाइकाचा किंवा भागीदाराचा असेल तर आधी सांगावे लागते. दावा बसत नसेल तर कारण लिहावे लागते. गैरवागणूक केली तर परवाना जाऊ शकतो.

आता तोच कापूस पऱ्हाटीवर असताना गारपीट झाली तर? पंतप्रधान पीक विमा योजनेचा कागद चांगला आहे. शेतकऱ्याने ७२ तासांत कळवायचे, कंपनीने ४८ तासांत मूल्यमापक नेमायचा, १० दिवसांत पाहणी पुरी करायची. पाहणीला कंपनीचा माणूस, कृषी खात्याचा माणूस आणि शेतकरी, असे तिघे हवेत. पण मूल्यमापकाच्या पात्रतेत शेतकी पदवीधर, निवृत्त कृषी अधिकारी, पीककर्जाचे काम केलेले निवृत्त बँक अधिकारी अशी नावे आहेत. उमेदवारी आणि परीक्षा त्यात नाही.

माझ्या बांधावर एक पोरगा आला होता. मोबाईलवर चार फोटो काढले, कोऱ्या फॉर्मवर माझी सही मागितली. टक्केवारी किती लिहिणार, विचारले तर म्हणाला, "ते वर ठरतं, काका."

२०२५ च्या खरिपात तर यावर कडी झाली. राज्य सरकारने एक रुपयाचा विमा बंद केला. कापसाला ५ टक्के, ज्वारीला २ टक्के हप्ता आपल्या माथी आला. त्याच वेळी एकेकट्या शेताच्या नुकसानीची पाहणी योजनेतून काढली आणि भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठेवली. काटा खोटा होता तर दुरुस्त करायचा; यांनी काटाच उचलून नेला.

सरकार म्हणते, खोटे अर्ज फार झाले. झाले असतील. पण खोटे अर्ज ओळखायलाही जाणता आणि जबाबदार माणूसच लागतो.

कोणी म्हणेल, परवानेवाल्याची फी कंपनीच देते, मग तो आपला कसा? तो आपला नसतोच, आणि नसावाही. पण परवानेवाल्याला नावानिशी जाब विचारता येतो. फोटो काढून गेलेल्या पोराला कुठे शोधणार?

म्हणून तीन मागण्या. एक, शेताची पाहणी पुन्हा सुरू करा. दोन, पिकाचे नुकसान मोजणारा परवानाधारकच असावा. पंचनाम्यावर त्याचे नाव आणि परवाना क्रमांक असावा. तीन, टक्केवारी भरल्यावरच शेतकऱ्याची सही घ्यावी आणि प्रत तिथेच त्याच्या हाती द्यावी.

एक काम मात्र आपलेही आहे. सर्व्हेअरच्या परवान्यात पीक विमा हा स्वतंत्र विभाग आहे. शेतकी पदवी घेऊन नोकरीची वाट बघणारी पोरे-पोरी आपल्या घरोघरी आहेत. बोंड कशाने सडले, कणीस कशाने काळे पडले, हे त्यांना पुस्तक न उघडता कळते. त्यांनी ही परीक्षा द्यावी. गोदामातल्या गाठीला जो न्याय, तो पऱ्हाटीवरच्या बोंडाला का नाही? जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू या.